पक्क्या हाडांची पोरगी

"हिला कशाला पट्टा? यांची हाडं जन्मापासून पक्की असतात. ही मोडत न्हाई."

असं म्हणत आबासाहेबांनी माझ्या हातातला रबरी पट्टा काढून घेतला. हिसकावला नाही. हिसकावला असता तर बरं झालं असतं, निदान राग आला असता. लेकराच्या हातात चुकून सुरी आली की मोठं माणूस एकेक बोट सोडवून ती काढून घेतं. तसा काढून घेतला आणि शेजारच्या पोरीला दिला.

कोच सर हसले. रांगेतल्या पोरी हसल्या. पुण्याहून आलेल्या फिटनेसच्या मॅडम आधी गोंधळल्या, मग त्याही थोडं हसल्या.

मीही हसले.

बाकीचं त्यांनी केलं. हसले ते मी. त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते. आजही.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या पलीकडे, मातीची दोन टेनिस कोर्टं होती. आबासाहेबांची. ते मूळचे घनसावंगीकडचे, तिकडं त्यांचा ऊस, इथं बियाण्याचा धंदा. क्लबचे अध्यक्षही तेच. त्यांची मुलगी श्रेया माझ्याच वयाची. आम्ही दोघी तेव्हा दहावीत.

माझे पप्पा शिक्षक. मंठ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतून बदली होऊन जालन्यात आलेले. आम्ही बौद्ध. शाळेच्या मैदानावर मी चेंडू फेकायचे तो कुंपणाबाहेर जायचा. ते बघून आमच्या पीटीच्या सरांनी मला कोच सरांकडं नेलं. कोच सरांनी माझ्या हातात रॅकेट दिली, डोक्यावरून मारायला सांगितलं. मी मारलं. ते बराच वेळ चेंडू गेला तिकडं बघत राहिले. मग म्हणाले, फी नको. रोज यायचं, आपल्या पोरींसोबत खेळायचं. हिटिंग पार्टनर.

हा इंग्रजी शब्द मी घरी जाऊन आईला चार वेळा ऐकवला.

त्याचा अर्थ हळूहळू कळला. श्रेयाला सर्व्हिस परतवायचा सराव हवा असला की मी सर्व्हिस टाकायची. तिला बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, पक्का करायचा असला की मी तिच्या बॅकहँडवरच चेंडू द्यायचा. माझा बॅकहँड कच्चा होता. तो कच्चाच राहिला. मला कुठला सराव पाहिजे, हे कधी कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कोर्टावर उभं राहायला मिळतं हेच मला पुष्कळ वाटायचं.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या मॅडमचं शिबिर होतं. दुखापत होऊ नये म्हणून टेनिसवाल्यांनी काय करायचं, ते शिकवायला त्या आल्या होत्या. माझ्या हातातून पट्टा गेल्यावर मी बाजूला झाले. कोच सरांनी डोळ्यांनीच चेंडूंच्या टोपलीकडं खूण केली. मी टोपली उचलली. पलीकडच्या कोर्टावरचे चेंडू गोळा करता करता मॅडमचं बोलणं ऐकत होते.

मॅडम सांगत होत्या, टेनिस हा एका हाताचा खेळ आहे. तोच हात, तोच खांदा, तीच हालचाल, हजारदा. खांद्याला आतून धरून ठेवणारे स्नायू छोटे असतात, ते आधी थकतात. म्हणून खेळण्याआधी अंग गरम करायचं. पट्टा बांधून ते स्नायू मजबूत करायचे. सर्व्हिसची ताकद खांद्यातून काढायची नाही, पायातून आणि कंबरेतून वर आणायची. दुखलं तर थांबायचं. दुखणं लपवायचं नाही.

मी तिकडून मान हलवत होते. जसं काही मलाच सांगून राहिल्यात.

शिबिर संपलं. पोरींची अंगं मोकळी झाली, गाल लाल झाले. आबासाहेब म्हणाले, चला, आता श्रेयाला सर्व्हिस टाका. मी चेंडू वेचून वेचून वाकलेली. कंबर आखडलेली, खांदा थंड. तशीच बेसलाइनवर गेले आणि जिवाच्या आकांतानं मारायला लागले. एरवी मारायचे त्यापेक्षा जोरात. का, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. मी ते वाक्य खरं करून दाखवत होते.

घरी जाताना ऑटोत ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. यांची हाडं पक्की असतात. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगते. निम्म्या रस्त्यात मला ते कौतुक वाटायला लागलं. श्रेयाला पट्टा लागतो, मला लागत नाही. म्हणजे मी भारी. कसा अपमान असतो बघा. चवीला गोड लागतो तोच आतपर्यंत जातो.

थोड्या दिवसांनी वेणी घालताना हात वर जाईना. मी मान खाली घालून वेणी घालायला लागले. मग दप्तर डाव्या खांद्यावर आलं. मग ताटातला घास तोंडापर्यंत नेताना कोपर पोटाला चिकटवून धरायला लागले. आईनं विचारलं तर सांगितलं, झोपेत अंगाखाली आला. आईनं हळद-तेल गरम करून चोळलं. ती चोळताना मी दात आवळून बसायचे. पक्क्या हाडांची पोरगी ओरडणार कशी?

एकदा धीर करून कोच सरांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, थोडंफार चालतं, आम्ही पण असंच खेळलो. आबासाहेबांच्या कानावर घालू नको, दुसरी पोरगी शोधतील.

ती धमकी नव्हती. ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. मी त्यांना थँक्यू म्हणाले.

विभागीय स्पर्धेत कोच सरांनी श्रेयासोबत माझंही नाव दिलं होतं. माझी पहिलीच खरी मॅच. पप्पांनी शाळेतून रजा काढली होती. पहिला सेट मी जिंकले. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला, हात मागं नेला आणि खांद्यात आत काहीतरी सुटलं. आवाज आला नाही. सुटल्यासारखं झालं फक्त. रॅकेट हातातून गळून पडली. उचलली. हात कानाच्या वर जाईना. मग मी कंबरेखालून चेंडू ढकलायला लागले, लहान पोरं खेळतात तसा. तिकडच्या पोरीच्या घरचे हसायला लागले. मी हरले. हात मिळवायला उजवा हात पुढं गेला नाही, डावा दिला.

श्रेया बाकावर बसली होती. मला पाणी द्यायला ती उठली. तेवढ्यात आबासाहेब मागून कोच सरांना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या लोकांना फुकट द्या, मंग असं होतं. मेहनत नको. नाटकं करून राह्यली."

श्रेया खाली बसली. पाण्याची बाटली तिच्याच हातात राहिली.

पप्पा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या चपलांवरून कळलं. मी मान वर केलीच नाही. फक्त चपला दिसल्या. त्या एक पाऊल पुढं आल्या आणि थांबल्या.

दुसऱ्या दिवशी पप्पा मला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी खांदा दाबला, हात फिरवला, मी किंचाळले. त्यांनी विचारलं, खेळण्याआधी काय व्यायाम करतेस? मी म्हणाले, काही नाही. नंतर? काही नाही. एवढी सर्व्हिस टाकतेस आणि कुणी काही करूनच घेत नाही?

तेव्हा मी ते बोलले. पप्पा शेजारच्या स्टुलावर बसलेले असताना. मान वर करून. शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं.

"आम्हाला लागत न्हाई सर. आमच्या लोकांची हाडं पक्की असतात."

डॉक्टर लिहायचे थांबले. माझ्याकडं बघितलं, मग पप्पांकडं. पप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"कोणी सांगितलं तुला?" डॉक्टर म्हणाले. मग ते शांतपणे म्हणाले, "मी रोज खांदे बघतो. आतून सगळ्यांचे सारखेच असतात. तुझ्या हाडाला काही झालेलं नाही. त्याला धरून ठेवणारे स्नायू फाटत आलेत. माणसाचा खांदा असा वापरला की फाटतो. कुणाचाही."

कुणाचाही. त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की मला कुणीतरी माणसात धरलं नव्हतं. आणि मीही धरलं नव्हतं.

परत येताना पप्पा गाडी हळू चालवत होते. मी मागं बसले होते. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडं एका कडुलिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली. उतरले नाहीत. पाठमोरेच बोलले.

"आबासाहेब म्हणले ते मला समजतं. त्यांचे बाप-आजे तेच म्हणत आले. तू का म्हणलीस?"

पप्पांनी मला आयुष्यात कधी हात लावला नाही. त्या दिवशी मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग त्यांनी आजोबांचं सांगितलं. मी आजोबांना पाहिलं नव्हतं. ते मंठ्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. बाकीच्या हमालांच्या पाठीवर एक पोतं दिलं की व्यापारी आजोबांच्या पाठीवर दोन चढवायचे. याच्या पाठीला काही होत न्हाई, ही जातच तशी, असं म्हणायचे. बघायला लोक जमायचे. आजोबांनाही ते आवडायचं. पोती टाकली की मिशीवर हात फिरवायचे. पुढं पाठ जी वाकली ती वाकली. कुशीवर झोपायचे, बसले तर भिंत लागायची.

"मेल्यावर सुद्धा पाठ सरळ झाली न्हाई," पप्पा म्हणाले. "तिरडीवर कुशीवरच ठेवलं. आपण धर्म बदलला. गावकीची कामं सोडली. मी शिकलो. तुला शाळेत घातलं, कोर्टावर पाठवलं. आणि तू तिथं जाऊन पोतंच उचलून आलीस."

त्यांनी किक मारली. घर येईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. सरळ पाठ. ती सरळ ठेवायला कुणाकुणाला काय काय करावं लागलं असेल.

त्यानंतर बरेच दिवस मी पप्पांच्या नजरेला नजर दिली नाही. जेवण झालं की पुस्तक तोंडासमोर धरायचे. ते पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. तिचा पट्टा कापला आणि दाराच्या कडीला बांधला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, कोपर बरगडीला लावून हात बाहेर खेचायचा, हळूहळू सोडायचा. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. मी करायला लागले की पप्पाही दुसरी ट्यूब घेऊन शेजारी उभे राहायचे. त्यांच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं. आम्ही दोघं बापलेक दाराकडं तोंड करून ट्यूब ओढायचो. आई पोळ्या लाटत बघायची.

खांदा बराच भरून आला. पूर्ण नाही.

मग एक दिवस कोच सर घरी आले. आईनं चहा दिला. ते म्हणाले, श्रेयाची राज्यासाठी निवड झाली, तिला जोराच्या सर्व्हिसचा सराव पाहिजे, तुझ्यासारखी सर्व्हिस इथं कुणाची नाही. झालं गेलं सोडून दे असं आबासाहेब म्हणून राह्यले. आई म्हणाली, बिलकुल नको. पप्पा म्हणाले, तिला विचारा.

मी म्हणाले, येते. पण आधी सगळ्यांसोबत अंग गरम करणार. खांदा थकला की थांबणार. आणि सर, माझा बॅकहँड शिकवायचा.

कोच सर कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कोर्टावर नुकतंच पाणी मारलं होतं, माती काळी दिसत होती. आबासाहेब खुर्ची टाकून बसले होते. पोरींचा व्यायाम आधीच उरकला होता. मुद्दाम उरकला होता की नाही, मला माहीत नाही. श्रेया रॅकेट घेऊन पलीकडं तयार उभी. मी रॅकेट पिशवीतच ठेवली. कोर्टाच्या कडेनं पळायला सुरुवात केली. मग ट्यूब काढली, नेटच्या खांबाला बांधली.

आबासाहेब म्हणाले, "जल्दी कर. ती थांबून राह्यली."

मी म्हणाले, आत्ताच सुरू केलंय.

"ही कसरत घरी करायची. इथं तू सर्व्हिस टाकायला आलीस."

मी ट्यूब आणखी एकदा खेचली. बंड करताना माणसाचा आवाज खणखणीत निघतो असं पुस्तकात असतं. माझा बारीक निघाला.

"न्हाई आबासाहेब. मी मोडते. एकदा मोडले. अंग गरम केल्याशिवाय मी रॅकेट उचलणार न्हाई."

आबासाहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. म्हणाले, "मंग इथं तुझं काही काम न्हाई."

मी ट्यूब सोडायला गेले. गाठ घट्ट बसली होती. गाठ सुटेना. सगळं कोर्ट बघत होतं. श्रेया नेटपर्यंत आली, हात पुढं केला, वडिलांकडं बघितलं आणि तिथंच थांबली. कोच सर पायानं रेषेवरची माती सारखी करत होते. शेवटी मी वाकून गाठ दातांनी सोडवली. तोंडात रबराची आणि मातीची चव आली. पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर पडले.

बाहेर आल्यावर रडले. विजय वगैरे काही वाटला नाही.

मी पुन्हा मॅच खेळले नाही. त्या वेळी शहरात दुसरं कोर्ट माझ्यासाठी नव्हतं. लोक मला म्हणतात, बघ, त्या अपमानामुळंच तू पुढं आलीस. मी त्यांना सांगते, न्हाई. मी चांगली खेळाडू झाले असते. किती चांगली, ते आता कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. ते गेलं. त्याच्या बदल्यात काही मिळालं असं मी कधीच म्हणणार नाही.

बीपीएड केलं. खेळाडूंच्या फिटनेसचा कोर्स केला. आता एका संस्थेच्या शाळेत खेळ शिकवते आणि सकाळी शाळेच्या मैदानावर टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. सिमेंटचं एक कोर्ट आहे, तडे गेलेलं. घोटा मुरगळू नये म्हणून एका पायावर उभं राहणं, बाजूला उडी मारून गुडघा न हलवता थांबणं, खांद्याचे पट्टे, पोटाचे, कंबरेचे व्यायाम. शेताच्या मालकाचं लेकरू, ऑटोवाल्याचं लेकरू, सगळी एका ओळीत. दुखलं म्हणणाऱ्याला मी कधी हसत नाही. कुणाला हसू देत नाही.

मागच्या महिन्यात फोन आला. आबासाहेब. आवाज थकलेला, पण बोलण्याची तऱ्हा तीच. श्रेया सध्या माहेरी आली होती. ती पुढं बरीच वर्षं खेळली, दुखत असताना खेळली, बापानं खेळवली. आता तिच्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं. हात सरळ होत नव्हता. डॉक्टरांनी रोजचा व्यायाम सांगितला होता आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं.

ते म्हणाले, तू आपल्यातलीच, आपल्याच कोर्टावर घडलीस. घरी येत जा. गाडी पाठवतो. मागच्या दारानं ये, पुढं बांधकाम चालू हाय.

बांधकाम खरंच चालू असेल. असेलही.

मला श्रेयाचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. वेणी घालता येत नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे. क्षणभर तोंडात 'येते' आलंसुद्धा. ती जुनी सवय. मोठ्या माणसानं बोलावलं की अंग आपोआप निघतं. इतक्या वर्षांनी, एवढं शिकून, अजून निघतं. फोन हातात धरून मी शरमेनं लाल झाले होते आणि समोर कुणी नव्हतंसुद्धा.

मी म्हणाले, "मी घरी येत न्हाई. मैदान सकाळी उघडतं. श्रेयाला पाठवा. डॉक्टरांचा कागद बघून तिचं सगळं नीट करून घेईन. सगळ्यांसोबत."

"सगळ्यांसोबत म्हणजे?"

"म्हणजे जे येतात त्यांच्यासोबत."

आबासाहेब म्हणाले, तुझ्या संस्थेचे अध्यक्ष आपल्या बसण्या-उठण्यातले आहेत, तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही असं कळलं. बघ, विचार कर. आणि फोन ठेवला.

श्रेया अजून आलेली नाही. आली तर तिच्या कोपराला मी माझ्या हातांनी धरीन, जितकं जमेल तितकं सरळ करीन. संस्थेतून कालच निरोप आला, अध्यक्षांनी भेटायला बोलावलंय. पप्पांना सांगितलं. ते आता रिटायर झालेत. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि या वेळी मीही बघितलं.

उद्या जाते आहे अध्यक्षांकडं. काय सांगायचं ते ठरलंय. नोकरी काढायची तर काढा. त्या घराच्या मागच्या दारानं मी जाणार नाही, आणि पुढच्या दारानंही न्हाई.